तळ्यावरचं ऊन

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराआडच्या एका राज्यात एक चितारी राहत होता. पाण्यात रंग कालवून कागदावर चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. झाड काढलं, तर त्याचं पान न् पान तो दाखवी.

राज्याच्या म्हाताऱ्या राणीची दृष्टी अधू होत चालली होती. तिनं चिताऱ्याला बोलावून घेतलं.

"बाबा, माझ्या माहेरी कमळांचं तळं आहे. तिथवरचा प्रवास आता झेपत नाही. दिसतंय तोवर एकदा बघायचंय. आणशील?"

"आणतो, आईसाहेब."

चांगल्या कागदाचे तीनच ताव शिल्लक होते. ते घेऊन तो निघाला.

तळं पाहून तो हरखला. काही सुटायला नको, म्हणून त्यानं एकेक कमळ, एकेक लाट, घाटाची एकेक पायरी रंगवली. ओल्या रंगावर ओला रंग चढत गेला आणि चित्र गढूळ झालं. दुसऱ्या तावावर त्यानं आणखी जीव ओतला. त्याचाही चिखल झाला. तिसरा ताव मांडीवर घेऊन तो नुसताच बसून राहिला.

घाटावर कपडे वाळत घालणारी परटीण जवळ आली.

"दादा, रागावू नका. या चित्रांत सगळं आहे, पण ऊन कुठाय? दुपारी आम्हाला या पाण्याकडे बघवत नाही."

चिताऱ्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे दिपले. इतके दिवस तो लाटा मोजत होता. उजेड त्यानं पाहिलाच नव्हता. तसा लखलखता रंग त्याच्या पेटीत नव्हता. होता तो फक्त कोऱ्या कागदाजवळ.

त्यानं रंगाचा एकच हात देऊन डोंगर काढला. तो वाळू दिला. काठाशी चार कमळं टेकवली. मधल्या पाण्याला कुंचला लावलाच नाही. आणखी एक लाट काढायला हात शिवशिवत होता. पण त्यानं कुंचला धुऊन ठेवला.

दरबारात प्रधान हसला. "अर्धा कागद कोराच आणलात की!"

चिताऱ्यानं मान खाली घातली. राणीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग कपाळावर हात आडवा धरला.

"अगं बाई! केवढं ऊन पडलंय तळ्यावर," ती पुटपुटली. "आई हाका मारत असेल आता, जेवायला चल म्हणून."



त्याच वर्षी राणीची दृष्टी गेली. पण ते तळं काही तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

तात्पर्य : काय भरायचं हे कसबाला कळतं, काय कोरं सोडायचं हे शहाणपणाला.