चाळीस स्विचांचं हळदीकुंकू

नेटवर्कच्या ऑफिसात लादी पुसणारी सगुणा तान्ह्या लेकीला घेऊन आली, आणि लेक रडली.

"पोर घेऊन चालती हो! उद्या येऊ नकोस!" कारखानीससाहेब खेकसले. "इथं चाळीस स्विचांनी एकमेकांना वाटा कळवायच्यात. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडून मेलो मी!"

साहेबांचे स्विच म्हणजे संगणकांचे निरोप पुढं धाडणाऱ्या पेट्या; पण सगुणाच्या लेखी स्विच म्हणजे दिव्याचं बटण, ते कसल्या वाटा कळवणार? ती गोंधळली, पण नोकरी जाण्याच्या भीतीनं बोलून गेली, "साहेब, आमच्या चाळीत हळदीकुंकू असलं की फक्त मंदाकाकूंना सांगायचं. त्या सगळ्यांना सांगतात."

"आणि काकू आजारी पडल्या तर?" साहेब कुत्सित हसले.

"म्हणून तर त्यांच्या जोडीला आणखी एक काकू नेमल्यात."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी दोन स्विच नेमले, बाकीचे त्यांनाच जोडले.

"उद्या पाळणा आण," ते पुटपुटले.

सगुणाला अजून कळेना, बटणांना हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाचं?