गोजराबाईचा परतीचा तांब्या

"आधी परत गेल्याचा दाखला, मग आत येण्याचा परवाना!" असं म्हणून हैबतरावांनी काठी आडवी धरली.

गोजरा कासारीण गुडघाभर पाण्यात उभीच राहिली. ओढ्याच्या अलीकडे तिचं वालखेड, पलीकडे हिरणगडचं राज्य आणि काठावर हा नवा नाका. तिच्या डोळ्यांदेखत चार म्हशी शेपट्या उडवत पलीकडे गेल्या. त्यांना कुणी हटकलं नाही.

"अवो, आत आलेच न्हाई, तर परत जाऊ कशी?"

"ते तुम्ही बघा. नियम महाराजांचा आहे!"

आता हा नियम निघाला कशातून, तर हैबतरावांमुळेच! ते राणीसाहेबांचे धाकटे बंधू. चार दिवसांच्या पाहुणचाराला म्हणून आले, ते राजवाड्यात चांगले मुरले. दोन्ही वेळा तूपपोळी, वर दुपारची झोप. राजा कीर्तिसेन टेकीला आला आणि त्याने फर्मान काढलं, की परत जाण्याची खात्री पटल्याशिवाय परका माणूस राज्यात घ्यायचा नाही! मेहुण्याला घालवायची मात्र छाती होईना. शेवटी नाक्यावर बसवलं, तेही त्यालाच. अशी राज्यं चालतात!

गोजराचा जीव इकडे टांगणीला लागला होता. तिची लेक बकुळा हिरणगडात दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. घरात सासू नाही, नणंद नाही, जावई सदा गाडीवर. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही आणि आठवा लागला की पोटुशीला हलवत नाहीत. म्हणजे आज-उद्यात आणली तर आणली, नाहीतर पोर एकटी पडणार होती.

गोजरा तिथेच पाण्यात बसली आणि तिने अशी काही बोंब ठोकली, की काठावरची बगळ्यांची रांग उडाली. बाजाराचा दिवस, बघता बघता गर्दी जमली. पाठोपाठ राजाची पालखीही आली.

"बाई," राजा म्हणाला, "मी काही निर्दय नाही. परत जाशील याची खात्री पटव, खुशाल ये. पण कागद नको, कागद खोटे करता येतात. शपथही नको, ती तर फुकटच मिळते! आणि जामीन मी कुणाचा घेत नाही. उद्या दुपारपर्यंत मुदत!"

"मग उरलं काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तेच तर!" हैबतराव खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोजरा आली, ती एका हातात भाकरीचं फडकं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तांब्या तिने राजासमोर ठेवला.

"ह्यो माझा परतीचा दाखला, म्हाराज!"

हैबतराव पोट धरून हसले. राजाने भुवया चढवल्या. "तांब्या?"

"व्हय. पानी सरलं, की मी परत."

"आणि माझ्या राज्यात काय विहिरी नाहीत?"

"हाईत की. पन लेकीला मूल होईस्तवर आई तिच्या सासरचं पानी पीत न्हाई. आमच्यात न्हाई, तुमच्यातबी न्हाई. तहान धरून मानूस राहील किती दिस?"

गर्दीतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. पण राजाही काही कमी नव्हता.

"लेकीच्या घरचं पिऊ नकोस. शेजारच्या घरचं पी! माझ्या वाड्यातलं पी! मग तर महिनोन्‌महिने राहशील!"

"तुमचं कसं चालंल, ईहीबुवा?"

गर्दीत कुजबुज उठली. राजाला कुणी असं व्याही म्हणतं?

"तुमीच दवंडी पिटली हुती न्हवं, या राज्यात आलेली सून ती माझी सून म्हनून? अन् तेवढ्यासाठी परत्येक लग्नात सासऱ्याचा आहेर घेता! डोईवरचं जरीचं पागोटं चाचपून बघा, म्हाराज. आमच्या बकुळाच्या लग्नातलं हाय ते. तवा अख्खं हिरणगड माझ्या लेकीचं सासर. इथल्या एका बी विहिरीचं पानी मला चालायचं न्हाई!"

राजाचा हात आपसूक पागोट्याकडे गेला. पागोटं होतं खरं तिचंच.

"थांबा, थांबा!" हैबतराव पुढे सरसावले. "नातवंड झालं की पाणी चालतं! म्हणजे तोवर राहायचा बेत आहे हिचा!"

"म्हनून तर न्यायला आले!" गोजरा उसळली. "आज अडवा मला. लेक हितंच बाळंत हुईल, घरात दुसरी बाई न्हाई, मग आईला आनायला तुमीच मेणा धाडाल. अन् नातवंड झालं, की मला पानी चालंल, तूपपोळी बी चालंल! बारसं, उष्टावन, जावळ... एकदा पाहुनचार गोड लागला म्हंजी मानूस हलत न्हाई, म्हाराज. हे तुमाला मी सांगायला पायजे व्हय?"

असं म्हणून ती हैबतरावांकडे टक लावून बघत राहिली. मग सगळी गर्दीच तिकडे बघायला लागली.

"आनि एक," ती म्हणाली, "लग्नात तुमचं वऱ्हाड आलं, तवा आमी वेशीवर पाय धुतले. दाखला न्हाई मागितला!"

राजाच्या मिशा थरथरल्या. तो रागावला की काय, म्हणून लोक दोन पावलं मागे सरकले. पण राजा खदाखदा हसत सुटला!

"विहीणबाई, हरलो! फर्मान आत्ता मोडलं! माझा मेणा घ्या, सूनबाईला सांभाळून न्या. वाड्यातून हिरवं लुगडं तिला, आणि माझ्या हातातलं हे सोन्याचं कडं येणाऱ्या बाळाला!"

मग त्याने मेहुण्याकडे वळून पाहिलं. "हैबतराव, मेण्याबरोबर घरचं माणूस हवंच. ओढा ओलांडून वालखेडपर्यंत तुम्ही पोचवून या!"

संध्याकाळी बकुळा माहेरच्या ओसरीवर टेकली, तेव्हा गोजराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण हैबतरावांची घाई चाललेली, जेवणाची वेळ झाली होती ना! ते लगबगीने ओढ्यात उतरले, तर पलीकडे नाक्यावर खुद्द राजा काठी आडवी धरून उभा!

"दाजी, अहो फर्मान तर मोडलं ना?"

"लोकांसाठी मोडलं! तुमच्यापुरतं ठेवलंय!" राजाला हसू आवरेना. "आधी परत गेल्याचा दाखला आणा!"

मागोमाग आलेल्या गोजराने अलीकडच्या काठावरून हाक दिली, "हैबतराव, तांब्या देऊ का?"