उघड्या कड्यावरचे देवदार

हिमालयाच्या पायथ्याशी शैलवती नावाची नगरी होती. तिथे अरिंदम राजा गादीवर असताना बोधिसत्त्व एका वनपालाच्या घरी जन्मला आणि वडिलांच्या मागे स्वतःही वनपाल झाला. त्याच्या बायकोचे नाव रेवती. बाई मोठी फटकळ, पण मनाची निर्मळ.

एका उन्हाळ्यात नगरामागचा डोंगर वणव्यात जळाला आणि त्याच्या पोटातून येणारा झरा निम्म्यावर आला. सारी नगरी त्या एका झऱ्यावर जगत होती. राजा घाबरला. त्याने अर्धा डोंगर बोधिसत्त्वाला दिला, अर्धा पिंगल नावाच्या वनपालाला.

"देवदार लावा," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी मी पाहायला येईन. ज्याची रोपे सरस तो मुख्य वनपाल. दुसऱ्याने बायकोला घेऊन राज्य सोडावे."

पिंगलने नदीकाठच्या सरळसोट, हिरव्यागार देवदारांचे बी गोळा केले. सगळे वनपाल तेच करीत. देखण्या झाडाचे बी चांगलेच असणार, त्यात विचार तो काय करायचा? बोधिसत्त्व मात्र बारा दिवस चालून एका उघड्या, कोरड्या कड्यावर गेला. तिथले देवदार खुरटे, वाकडेतिकडे. त्यांचे बी घेऊन तो परतला तेव्हा रेवतीने कपाळावर हात मारला.

दोन वर्षांत पिंगलची रोपे गुडघ्याला लागली. बोधिसत्त्वाची जेमतेम वीतभर. झऱ्यावर बाया विचारू लागल्या, "काय गं रेवती, तुझ्या नवऱ्यानं गवत लावलंय का?"

रेवती घरी येऊन रडली. "अहो, राजा उंचीच बघणार ना! या वयात आपण जायचं कुठं?"

बोधिसत्त्वाने एक रोप हलकेच उकरून तिच्यापुढे ठेवले. वर वीतभर, आणि खाली मूळ दोन हात. "यांच्या वाडवडिलांनी ऊन सोसलंय," तो म्हणाला. "ही आधी खाली जातात, मग वर."

तिला काही ते पटले नाही. ते रोप तिने आपल्या हाताने परत लावले, आणि घरात जाऊन नवऱ्याच्या नकळत एक गाठोडे बांधून ठेवले.

तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. ऊन असे तापले की दगडाला हात लावता येईना. नदीकाठच्या वाणाला तहान आवरणे ठाऊकच नव्हते. पिंगलच्या रोपांनी होते नव्हते ते पाणी पिऊन टाकले, मग ती तांबूस पडली आणि झडू लागली. कड्यावरच्या वाणाची रोपे ऊन चढले की पाने मिटल्यासारखी गप्प राहत, वाढायची थांबत आणि खोलवरच्या ओलीवर तग धरीत.

राजा आला. त्याने दोन्ही उतार पाहिले आणि पिंगलला संध्याकाळपर्यंत निघायला सांगितले.

बरी जिरली, असे रेवतीच्या मनात आले. तेवढ्यात तिला पिंगलची बायको दिसली. तिच्या काखेत गाठोडे होते, थेट रेवतीने बांधले होते तसेच.

"मुख्य वनपाला, काय हवे ते माग," राजा म्हणाला.

"महाराज, पिंगलला राहू द्या," बोधिसत्त्व म्हणाला. "त्याचं बी वाईट नाही, जागा चुकली. खालच्या घळीत पाणी झिरपतं, तिथं त्याची झाडं माझ्या झाडांना मागं टाकतील. उन्हाच्या उतारावर माझी लावू. मुख्य वनपाल कोणीच नको. दोघं मिळून डोंगर राखू."

"आणि माझी अट?"

"अटीनं झरा वाहणार नाही, महाराज."

राजाने मान डोलावली. रेवतीने पिंगलच्या बायकोच्या काखेतले गाठोडे ओढून घेतले. "चल गं, आज आमच्याकडं जेवायला," ती म्हणाली.

काही वर्षांनी डोंगर हिरवा झाला आणि झरा पूर्वीसारखा वाहू लागला.

भिक्षूंना इतकी कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, थांबले. मरुदेशाच्या वाळवंटातून आलेला एक भिक्षू वर्षभरात फार थोडे शिकला, म्हणून त्या सकाळी सगळे त्याला हसले होते. त्यावरूनच ही कथा निघाली होती.

"भिक्षूंनो," शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा आज तुमचा आचार्य आहे. पिंगल म्हणजे सर्वांत मोठ्याने हसलेला हा भिक्षू. रेवती ती दाराशी बसलेली उपासिका. वनपाल मी होतो. आणि ज्या खुरट्या देवदाराच्या बियांसाठी मी बारा दिवस चाललो, त्याची वृक्षदेवता म्हणजे हा मरुदेशाचा भिक्षू."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मोठ्याने हसलेला भिक्षू उठला आणि त्याने आपल्या शेजारी त्या भिक्षूला जागा करून दिली.

शास्ते म्हणाले, "हीच प्रज्ञापारमिता, वरचे रूप न पाहता मूळ ओळखणारे परिपूर्ण शहाणपण."