नदीत उभा राहून मोजणारा जानू मयेकर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि घडली तीही फार लांब, विलायतेत. पण माणूस आपल्या मालवणाकडचा, म्हणून ती आपणही सांगायची.

ब्रॅकनफर्ड नावाचं एक लहानसं गाव होतं. मधून नदी, नदीवर दगडी पूल, पुलाच्या एका अंगाला वरची आळी आणि दुसऱ्या अंगाला खालची. तिथे जानू मयेकर कसा पोचला, यावर अजून एकमत नाही. कोणी म्हणतं, तो आगबोटीवर खलाशी होता, तापानं फणफणला, म्हणून त्याला बंदरात उतरवून बोट निघून गेली. कोणी म्हणतं, तो समुद्रापासून नदीच्या काठाकाठानं चालत आला. एवढं मात्र सगळे सांगतात, की एका सकाळी तो मार्था क्रॉसलीबाईंच्या फोटोच्या दुकानासमोर उभा राहिला आणि काचेमागचा एकेक चेहरा दुपारपर्यंत बघत राहिला.

मार्थाबाई विधवा. नवऱ्यामागे दुकान त्याच चालवत. त्यांनी दार उघडून विचारलं, "काय शोधतोस?"

"काही नाही, बाई. इतकी माणसं एका जागी, आणि एकही भांडत नाही. ते बघतोय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला कॅमेऱ्याची पेटी उचलायला ठेवून घेतलं. दोन वर्षांत तो स्वतः फोटो काढू लागला. 'मयेकर' म्हणणं गावाला जमेना, म्हणून तो झाला मिस्टर मे. लग्न असो, बँड असो, बाजाराचा दिवस असो, जानू कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून हजर. असं म्हणतात, की त्याच्या कॅमेऱ्यापुढे तान्ही बाळंसुद्धा रडायची थांबत.

बाई का हसल्या नाहीत, ते आता ऐका. त्यांना दोन मुलगे. थोरला एबेल वरच्या आळीच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, धाकटा सेथ खालच्या आळीच्या बँडमध्ये कर्णा. दरवर्षी वसंतात फुलांची मिरवणूक निघायची, वेताचे उंच पुतळे नाचवत दोन्ही आळ्या निघायच्या. पुलावरून आधी कोणी जायचं, यावरून एका वर्षी मारामारी झाली. त्यात एबेलच्या हातून सेथचं डोकं फुटलं. तेव्हापासून नऊ वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. मिरवणुका दोन झाल्या, आणि दर वर्षी कोणाचं तरी डोकं फुटतच राहिलं. शेवटी न्यायाधीशानं बजावलं, की यंदा पुलावर एक दगड जरी उडाला, तरी मिरवणूक कायमची बंद.

मार्थाबाई तेव्हा फार थकल्या होत्या. त्या जानूला म्हणाल्या, "माझ्याकडे गावाचे हजार फोटो आहेत. माझी दोन्ही मुलं एकत्र असलेला एकही नाही."

जानूनं विचार केला. मग म्हणाला, "बघतो, बाई."

मिरवणुकीच्या सकाळी दाट धुकं होतं. वरून ढोल आला, खालून कर्णा आला, आणि पुलाच्या मधोमध दोन्ही बँड समोरासमोर थांबले. कोणी मागे सरेना. हात खिशातल्या दगडांवर गेले. तेवढ्यात कोणीतरी कठड्याखाली बोट दाखवलं.

जानू नदीत उभा होता. कमरेइतक्या गार पाण्यात, पुढ्यात तिपाई रोवून.

"सगळे कठड्याशी या," तो ओरडला. "धुकं आहे, वेळ लागेल. मी मोजेन, तोवर हलू नका."

आणि तो मोजू लागला. "एक. दोन. तीन."

आकडे मराठीत. किती झाले, किती राहिले, कोणाला कळेना. गंमत वाटून माणसं कठड्याशी आली. वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीच्या माणसाला खेटून उभा राहिला, कारण कठडा तेवढाच होता. दगड खिशातच राहिले. एबेल पुढे आला. सेथ मात्र मागे, कर्णा काखेत धरून उभा.

जानू मोजतच राहिला. तीस झाले, साठ झाले. त्याचे ओठ निळे पडले. काठावरून मार्थाबाई म्हणाल्या, "पुरे, जानू. ये बाहेर."

"एकाहत्तर," जानू म्हणाला. "बहात्तर."

तेव्हा एबेलनं मान वळवली. नऊ वर्षांत धाकट्याच्या कानामागचे केस पांढरे झालेले त्यानं पहिल्यांदा पाहिले. तो जरासा सरकला, एका माणसापुरती जागा झाली. "ये लवकर," तो म्हणाला. "तो मरेल तिथे."

सेथ आला. जानूनं मग कॅमेऱ्याचं झाकण काढलं. हो, इतका वेळ ते लावलेलंच होतं, लांबून कोणाला दिसलं नव्हतं. मग त्यानं खरे बारा आकडे मोजले, आणि असं म्हणतात, की त्या बारा आकड्यांत नदी त्याच्या कमरेशी थांबली. फोटोत पाणी काचेसारखं गुळगुळीत आहे. जाणकार सांगतात, सावकाश काढलेल्या फोटोत वाहतं पाणी तसंच दिसतं. गाव ऐकून घेतं आणि मान हलवतं.

जानूला बाहेर येता येईना, पाय बधिर झाले होते. दोन्ही भाऊ पाण्यात उतरले. एक हात एबेलच्या खांद्यावर, दुसरा सेथच्या, असं त्यांनी त्याला घरी नेलं. मागोमाग सगळी मिरवणूक चालू लागली. पूल आधी कोणी ओलांडला, हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

जानू पुढे तीस वर्षं त्या गावाचे फोटो काढत राहिला. उजवा पाय मात्र लंगडाच राहिला. जानूला कुठे पुरलं आहे, यावरही एकमत नाही.

आजही ब्रॅकनफर्डची मिरवणूक पुलावर येऊन थांबते. दरवर्षी गावातलं कोणीतरी, कधी पाववाली, कधी पोस्टमन, कमरेइतक्या पाण्यात उतरतं आणि मोजू लागतं, "एक, डोन, टीन." ही कुठली भाषा, हे पुष्कळांना ठाऊक नाही. किती मोजायचं, हेही ठरलेलं नाही. कोणी एक जण मागे उभा असेल, तर तो कठड्याशी येईपर्यंत मोजणारा मोजत राहतो.