किडे कोठीतच राहिले

कृष्णाकाठचं धुकं उन्हं वर आली तरी हळदीच्या रानावर झोपून असायचं, तेव्हाची ही गोष्ट.

देशमुखांच्या कोठीतल्या हळकुंडांना कीड लागली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या तान्हूबाईची कणगी मात्र निर्मळ होती. कारभारी रंगोपंतांनी तिला देशमुखांपुढं चावडीवर उभं केलं.

"सरकार, हिनं गेल्या आठवड्यात कोठीतून हळद चोरली. नाहीतर हिच्याकडं अशी हळद कुठली? हिला गावाबाहेर काढा."

तान्हूबाईनं पदर सावरला. निर्गुडीचा मंद वास चावडीभर पसरला.

"पंत, कोठीत कीड कधी लागली?"

"श्रावणात. आता दसरा आला. कुठलंही हळकुंड फोडा, आत अळी!"

"आणि मी चोरी केली गेल्या आठवड्यात?"

"होय!"

"मग हळद तेवढी माझ्यामागं आली आणि किडे कोठीतच राहिले? त्यांचा तुमच्यावर भारी जीव दिसतोय, पंत."

सगळी चावडी हसली. देशमुखांनी कणगीतलं एक हळकुंड मागवून मोडलं. आत नुसता केशरी उजेड होता.

"तान्हूबाई, तू करतेस तरी काय?"

"उन्हात खणखणीत वाळवते, सरकार. मग हळदीच्या थरावर सावलीत सुकवलेला निर्गुडीचा पाला घालते, मधेमधे वेखंडाचे तुकडे. तो वास किड्याला सोसत नाही."

त्या दुपारी रंगोपंत ओढ्याकाठी निर्गुडी तोडत होते. तान्हूबाई झाडाखाली बसून मायेनं सांगत होती, "सावकाश, पंत. कोवळा पाला राहू द्या."