उसनं दिलेलं नाव

समुद्रात एक लहानसं बेट होतं. तिथे गोंदूशेट नावाचा एक वाणी राहत असे. भिजलेला तांदूळ तो कधी चांगला म्हणून विकायचा नाही, म्हणून सगळं बेट त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं.

बेटाचा एक जुना नियम होता. दुकानाचा मालक बेटावर राहणाराच हवा. अडीअडचणीला ज्याचं दार ठोठावता येईल, त्यानेच धान्य विकावं, असं वाडवडिलांनी ठरवलं होतं.

एकदा दूरदेशीचा एक व्यापारी जहाजं घेऊन आला. नियम कळल्यावर तो गावप्रमुखाकडे गेलाच नाही. थेट गोंदूशेटकडे आला.

"शेट, मला इथे मोठं दुकान काढायचंय," तो म्हणाला. "भांडवल माझं, माल माझा, माणसं माझी. तुम्ही फक्त नाव द्या. तुमचा वाटा घरपोच मिळेल."

"मला काय करावं लागेल?"

"काहीच नाही."

हा शब्द गोंदूशेटला फार आवडला. त्याने मान डोलावली.

बंदरावर मोठं दुकान उभं राहिलं, मागे वखार बांधली गेली. पाटीवर ठळक अक्षरांत गोंदूशेटचं नाव होतं. माल चांगला आणि स्वस्तही. दुकान परक्याचं असतं तर लोक जरा जपून राहिले असते. पण गोंदूशेटचं म्हटल्यावर कशाला काळजी? तुळशीकाकी नावाच्या म्हातारीने तर आपलं छोटं दुकान बंदच केलं. "गोंदू आपलाच आहे. मग मी कशाला दमू?" असं ती हसत म्हणाली. होडीवाल्यांनीही पलीकडच्या किनाऱ्यावरून धान्य आणणं सोडलं. आता बेटावरचा सगळा तांदूळ त्या एकाच वखारीत असायचा.

पुढे एका वर्षी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, तुळशीकाकी धापा टाकत गोंदूशेटच्या अंगणात आली.

"गोंदू, तुझी माणसं तांदूळ जहाजात का भरताहेत रे? आता पावसाळाभर समुद्र बंद. आम्ही खायचं काय?"

गोंदूशेटला ते खरंच वाटेना. तो अनवाणीच धावत सुटला. बंदरावर एक जहाज भरून निघूनही गेलं होतं. दुसऱ्यात पोती चढत होती. तो वखारीत शिरू लागला, तर पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"कोण तुम्ही?"

"अरे, वर पाटी वाच! माझं नाव आहे ते!"

"पाटी रोज वाचतो," पहारेकरी म्हणाला. "पण मला मालकाचा चेहरा दाखवलाय. तो तुमचा नाही."

तेवढ्यात व्यापाऱ्याचा मुनीम बाहेर आला.

"मालकांचा निरोप आलाय. दुसऱ्या देशात तांदळाला दुप्पट भाव आहे."

"आणि इथल्या माणसांनी काय करायचं?"

"ते तुम्ही बघा," मुनीम थंडपणे म्हणाला. "त्यांना तोंड द्यायला तर तुम्हाला ठेवलंय."

तोवर सारं गाव बंदरावर जमलं होतं. गावप्रमुख पुढे झाला. "गोंदू, वखार तुझी ना? मग थांबव हे."

मुनीम गोंदूशेटच्या कानाशी कुजबुजला, "तांदूळ तुम्हीच विकला म्हणा. थोडी बोलणी बसतील, पण वाटा चालू राहील. खरं सांगाल तर नियम मोडल्याचं पाप तुमच्या माथी."

गोंदूशेटने समोरच्या माणसांकडे पाहिलं.

"वखार माझी नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हती. मी फक्त नाव दिलं होतं."

लोकांना ते समजायलाच वेळ लागला. तुळशीकाकी मटकन खाली बसली. "तुझं नाव वाचून मी माझं दुकान मोडलं रे," एवढंच ती बोलली.

गावप्रमुखाने पोती उतरवायला लावली. "आमच्या नियमाने हे दुकानच नव्हे. उरलेला तांदूळ इथेच राहील, त्याची रास्त किंमत तुझ्या मालकाला पोहोचेल," तो मुनिमाला म्हणाला. "तो उघडपणे आला असता, तर आम्ही बसून काही ठरवलं असतं. लपून का आला?"

पण गेलेलं जहाज काही परत आलं नाही. त्या पावसाळ्यात बेट एक वेळ पेज पिऊन आणि डोंगरातले कंद उकडून जगलं. मुलांच्या बरगड्या दिसू लागल्या. गोंदूशेटच्या घरातही तीच पेज होती.

पाऊस सरल्यावर त्याने पुन्हा आपलं लहानसं दुकान मांडलं. गिऱ्हाईक यायचं, पायरीपाशी थांबायचं आणि विचारायचं, "हे दुकान खरंच कुणाचं?"

"माझंच," गोंदूशेट सांगायचा.

गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायचं. मग काहीजण आत यायचे आणि काहीजण मुकाट्याने पुढे जायचे.

यातून घ्यायचं तात्पर्य असं: आपलं नाव दुसऱ्याला वापरायला देणारा स्वतःचं नाव देत नाही. त्या नावावर इतरांनी ठेवलेला विश्वास तो विकतो, आणि तो विकायचा हक्क त्याला कुणीच दिलेला नसतो.