भुणीचा गावठी गुलाब

एक होती भुणी. भुणी म्हणजे मधमाशी, मसुराच्या डाळीएवढी. तिचा एक लाडका गुलाब होता, अकोल्याला, तानू नावाच्या मुलीच्या घरी, कुंडीत. गावठी, फिकट गुलाबी, आणि वास असा की गल्लीतली माणसं थांबायची.

एकदा तानूच्या आईने नवे गुलाब आणले. पिवळा आणला, केशरी आणला, जांभळाही आणला. फुलं ही एवढी मोठी, पण वास एकालाही नाही. जुनी कुंडी मागे सरकली, पार भिंतीपाशी. अकोल्याचं ऊन ते! झाड वाळलं. उरली एक काडी, आणि काडीवर कोंबाचा एकच हिरवा डोळा.

भुणी आली, भुण भुण.
"काडी काडी, फूल दे."
काडी म्हणाली, "माती मऊ होईल, तर मी फूल देईन."

भुणी गेली मातीकडे, भुण भुण.
"माती माती, मऊ हो. काडी फूल देईना. मी काय करू?"
माती म्हणाली, "झारी पाणी ओतेल, तर मी मऊ होईन."

भुणी गेली झारीकडे, भुण भुण.
"झारी झारी, पाणी ओत. माती मऊ होईना, काडी फूल देईना. मी काय करू?"
झारी म्हणाली, "तानूची आई उचलेल, तर मी पाणी ओतीन."

भुणी गेली आईकडे, भुण भुण. आई जांभळ्या गुलाबाला खत घालत होती.
"आई आई, झारी उचल. झारी पाणी ओतेना, माती मऊ होईना, काडी फूल देईना. मी काय करू?"
आई म्हणाली, "कुठली काडी गं? मला आठवेल, तर मी झारी उचलीन."

आता आठवण कुठे मिळते? भुणीने पिवळ्यात पाहिलं, केशरीत पाहिलं. नव्हती. मग ती शिरली स्वयंपाकघरात. फळीवर गुलकंदाची बरणी होती. त्याच गुलाबाचा गुलकंद, मागच्या वर्षीचा.
"बरणी बरणी, वास सोड. आई झारी उचलेना, झारी पाणी ओतेना, माती मऊ होईना, काडी फूल देईना. मी काय करू?"
बरणी म्हणाली, "तानू झाकण काढेल, तर मी वास सोडीन."

भुणी गेली तानूकडे, भुण भुण.
"तानू तानू, झाकण काढ. बरणी वास सोडेना, आई झारी उचलेना, झारी पाणी ओतेना, माती मऊ होईना, काडी फूल देईना. मी काय करू?"

तानू कसली नाही म्हणते! तिचा सकाळपासून त्या बरणीवरच डोळा होता.

तानूने झाकण काढलं, फट्.
बरणीने वास सोडला, घम घम घम.
वास गेला अंगणात, थेट आईच्या नाकात.

आईचा हात थांबला. तिला आठवलं दर्यापूर, तिचं माहेर. तिथल्या अंगणातली काडी तिच्या आईने लग्नानंतर दिली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, टोकाला शेणाचा गोळा लावून. एसटीत ती मांडीवर धरून आणली होती. आईला रडूच आलं.
"मी तुला विसरले कशी?" ती काडीला म्हणाली.

आईने झारी उचलली, हुश्श.
झारीने पाणी ओतलं, झुळ झुळ झुळ.
माती मऊ झाली, चुबुक चुबुक.
काडीला एक पान आलं. मग दोन आली. मग कळी. आणि एका सकाळी काडीने फूल दिलं.
भुणी फुलात शिरली. भुण.

कुंडी आता पुढे आली, पिवळ्या, केशरी आणि जांभळ्याच्या मधोमध.

ती तानू म्हणजे मीच बरं का, बाळा. मी इकडे राहायला आले, तेव्हा आईने एक काडी मला दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून. खिडकीतली आपली कुंडी तिचीच. गोष्ट तिथवर येऊन थांबली. जा, हुंगून ये.